नाव लोकांच्या तोंडी बसलं, तर ते आपलं राहतं का?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका उद्योजकांचा आहे. त्यांच्या कारखान्यात कडबाकुट्टी यंत्रं बनतात. यंत्राला त्यांनी आजीचं नाव दिलेलं आहे आणि ते ट्रेडमार्क म्हणून क्लास ७ मध्ये, म्हणजे यंत्रांच्या वर्गात, नोंदवलेलंही आहे. आता आसपासच्या तीन-चार तालुक्यांत कडबाकुट्टी कुणाचीही असो, शेतकरी तिला त्याच नावाने ओळखतात. वडील म्हणतात, यापेक्षा मोठी कमाई कुठली? मुलगी कायद्याचं शिक्षण घेते आहे, तिच्या मते अशाने नोंदणी हातची जाईल. कुणाचं खरं मानायचं, आणि ‘आमचं नाव इतरांच्या यंत्राला वापरू नये’ अशी जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यावी का, असं त्यांनी विचारलं आहे. सोबत पत्रक आणि बिलाचा नमुना पाठवला आहे. यंत्राचं नाव मी इथे लिहीत नाही, ‘अमुक’ म्हणतो.

आधी सूचनेचं. ती देऊ नका. पाठवलेल्या मसुद्याचं पहिलंच वाक्य आहे, ‘आमचे नाव सर्व कंपन्यांच्या यंत्रांना सर्रास वापरले जात आहे.’ उद्या कुणी तुमची नोंद रद्द करायला अर्ज केला, तर हे कात्रण त्याच्या अर्जाला पहिला पुरावा म्हणून जोडलेलं असेल, आणि खाली सही तुमची असेल. मोठ्या कंपन्या अशा जाहिराती देतात हे खरं. झेरॉक्सने अमेरिकेत अनेक दशकं दिल्या. पण त्यांचा एकेक शब्द वकिलांनी तासलेला असतो, आणि त्या ‘असं होतंय’ म्हणत नाहीत, तर ‘हा शब्द अशा रीतीने वापरा’ असं सांगतात.

आता मुलीचा मुद्दा. तिने वाचलंय ते बरोबर आहे, पण बहुधा अमेरिकन निकालांवरून वाचलंय. तिथे मुख्य कसोटी अशी की खरेदी करणाऱ्या लोकांच्या मनात त्या शब्दाचा पहिला अर्थ काय उमटतो, एका कंपनीचा माल की मालाचा प्रकार. आपल्याकडे पाहायचं ते ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ चं कलम ३६. ते सुरुवातीलाच म्हणतं की नोंदणीनंतर तो शब्द वस्तूचं नाव म्हणून वापरला जाऊ लागला, एवढ्याच कारणाने नोंदणी अवैध ठरत नाही. त्यासाठी दोनपैकी एक गोष्ट सिद्ध व्हावी लागते. एक, त्या मालाचा धंदा करणाऱ्यांमध्ये तो शब्द मालाचं नाव म्हणून सर्वज्ञात आणि रुळलेला आहे, आणि तोही मालकाशी काही संबंध नसलेल्या मालासाठी. दुसरी, ती वस्तू पूर्वी पेटंटखाली बनत होती, पेटंट संपून दोन वर्षं झाली, आणि व्यवहारात तिला दुसरं नावच उरलेलं नाही.

‘धंदा करणाऱ्यांमध्ये’ या शब्दांवर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. कवठेमहांकाळचा शेतकरी दुकानात येऊन ‘एक अमुक द्या’ म्हणाला, तर तो कडबाकुट्टीचा धंदा करणारा नाही. त्याच्या बोलण्याने तुमचं काही जात नाही. ज्या विक्रेत्याने दुसऱ्या कंपनीचं यंत्र त्याला दिलं आणि बिलावर ‘अमुक, १ नग’ लिहिलं, तो मात्र धंद्यातला माणूस आहे. शेजारच्या तालुक्यातला वर्कशॉपवाला स्वतःच्या यंत्राच्या पाटीवर ‘अमुक’ छापतो, तोही धंद्यातलाच. आणि सगळ्यात आधी तुम्ही स्वतः धंद्यातले आहात. तुमचं पत्रक आणि तुमचं बिलबुक हे या विषयातले सर्वांत वजनदार कागद. इतकी वर्षं हे काम करताना मला वारंवार दिसलं आहे की नावं गिऱ्हाइकाच्या जिभेवर मरत नाहीत, ती व्यापाऱ्याच्या आणि मालकाच्या कागदावर मरतात. त्यामुळे वडिलांचा आनंद खरा आहे. तो टिकवायची जागा फक्त वेगळी आहे.

झेरॉक्सचंच पाहा. मराठीत याइतका रुळलेला शब्द दुसरा सापडणं कठीण. ‘आधार कार्डची झेरॉक्स जोडावी’ हे सरकारी कचेऱ्यांत लिहिलेलं असतं. कॉलेजसमोरच्या दुकानाची पाटीच ‘झेरॉक्स’ असते आणि आत मशीन जपानी कंपनीचं. तरी भारतात ही नोंद काढून टाकण्याची मागणी बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०१२ मध्ये फेटाळली. ते मंडळ २०२१ मध्ये बंद झालं, आता असे अर्ज ट्रेड मार्क्स रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात जातात. माझ्या मते या नावाचं खरं संरक्षण यंत्र विकणाऱ्यांच्या कागदात आहे. कॅनन किंवा रिको आपल्या यंत्राला झेरॉक्स म्हणत नाहीत, फोटोकॉपिअर किंवा मल्टिफंक्शन प्रिंटर म्हणतात. नकला काढून देण्याच्या सेवेबद्दल मात्र हाच युक्तिवाद मी तितक्या खात्रीने करणार नाही, कारण तिथे पाटी लावणारा दुकानदार हाच त्या सेवेचा धंदा करणारा आहे. म्हणजे एकच शब्द एका मालासाठी सुरक्षित आणि दुसऱ्या कामासाठी डळमळीत असू शकतो. नोंद कुठल्या क्लासमध्ये, कशासाठी आहे, हे म्हणूनच महत्त्वाचं.

आपल्या घरात अशी नावं किती आहेत! मुलांना चॉकलेट म्हणजे कॅडबरी. वनस्पती तूप म्हणजे डालडा. हे नाव १९३७ पासूनचं. दादा नावाच्या आयातदार कंपनीच्या नावात लीव्हर कंपनीचा ल घालून केलेलं. लोक काहीही म्हणोत, मालाला ‘वनस्पती’ हे स्वतःचं नाव होतं, सरकारी नियमांतही तेच होतं, आणि इतर कारखानदार आपल्या डब्यांवर तेच छापत आले. डालडाचं नाव ब्रँड म्हणून विकत घ्यायला २००३ मध्ये बंजी ही कंपनी पुढे आली, ती उगाच नाही. जो शब्द कुणीही फुकट वापरू शकतो त्यासाठी कुणी पैसे मोजत नाही.

आणि गोदरेजचं कपाट. गोदरेज १९२३ पासून स्टीलची कपाटं बनवतं, आणि आपल्याकडे लग्नात मुलीला ‘गोदरेज’ दिलं म्हणजे स्टीलचं कपाट दिलं, मग ते गावातल्या फॅब्रिकेटरकडून का केलेलं असेना. फर्निचरच्या दुकानांत ‘गोदरेज टाईप कपाट’ अशी पाटी मी पुष्कळ ठिकाणी वाचली आहे. ‘टाईप’ लिहिलं की आपण सुटलो असं दुकानदाराला वाटतं. ते चूक आहे, दुसऱ्याच्या नावावर गिऱ्हाईक ओढण्याचा आरोप त्याने टळत नाही. पण मालकाच्या बाजूने पाहिलं तर हा ‘टाईप’ सोन्यासारखा पुरावा आहे. गोदरेज हे दुसऱ्या कुणाचं नाव आहे आणि आपलं कपाट ते नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असल्याची ती लेखी कबुली. तुमच्या भागात कुणी ‘अमुक टाईप कडबाकुट्टी’ लिहिलं असेल तर पाटीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. त्या विक्रेत्यावर रागावण्याआधी तो फोटो जपा.

सुताराचं इस्टिमेट या बाबतीत वाचण्यासारखं असतं. ‘प्लाय १९ एमएम, सनमायका १ एमएम, फेविकॉल’ अशा ओळी एकाखाली एक. दोन्ही कंपन्यांची नावं, दोन्ही सुताराच्या रोजच्या तोंडची. आता हार्डवेअरच्या दुकानातलं बिल पाहा. फेविकॉलच्या जागी दुसऱ्या कंपनीचा पांढरा गोंद दिला तर दुकानदार बहुतेक वेळा त्या कंपनीचं नाव लिहितो, कारण दोघांच्या भावात फरक आहे आणि गिऱ्हाईक डबा बघून घेणार आहे. फेविकॉलच्या डब्यावर नावाखाली ‘सिंथेटिक रेझिन ॲडहेसिव्ह’ असं मालाचं नावही असतं. सनमायकाच्या बाबतीत मात्र शीट कुठल्याही कंपनीचं असलं तरी बिलावर पुष्कळदा ‘सनमायका’च लिहिलेलं दिसतं, आणि पुढे त्या दुसऱ्या कंपनीचं नाव. कारखानदार आपल्या शीटवर ‘डेकोरेटिव्ह लॅमिनेट’ छापतात, पण दुकानदाराच्या पेनाला तो शब्द जड जातो. कलम ३६ ज्या वापराबद्दल बोलतं तो या दुसऱ्या प्रकारच्या बिलांमध्ये असतो. अशीच वेळ फॉर्मायका या लॅमिनेटच्या नावावर अमेरिकेत आली होती. १९७८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननेच तिची नोंद रद्द करायचा अर्ज केला. पुढे संसदेने त्या कामावर खर्च करायला मनाई केली म्हणून ते प्रकरण थांबलं. सगळ्यांना असा आधार मिळत नाही.

कधी नाव जगतं आणि माल जातो. फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीची हायड्रॉलिक खोदयंत्रं लार्सन अँड टुब्रोमार्फत भारतात आली, आणि आज कोमात्सु असो, टाटा हिटाची असो की ह्युंदाई, बातमीत ‘पोकलेनच्या साहाय्याने अतिक्रमण हटवले’ असंच येतं. पोक्लेन नावाची कंपनी आज हायड्रॉलिक्समध्ये आहे, आपल्याकडच्या बांधकामाच्या साइटवर मात्र तिचं खोदयंत्र शोधून सापडणार नाही. स्टेपनी त्याहून जुनी. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर मोटारीच्या जादा चाकाचा धंदा सुरू झाला. तेव्हा गाड्यांना सुटं चाक मिळतच नसे. तो धंदा केव्हाच संपला, शब्द आपल्या गॅरेजांमध्ये राहिला. आपल्या कायद्यात सलग पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरलं नाही तर नोंद काढून टाकायचा अर्ज होऊ शकतो, हे इथे लक्षात ठेवा. तुम्ही एखादं जुनं मॉडेल बंद केलं असेल तर त्याच्या नावाचा विचार याच अंगाने करा.

ज्यांनी नाव खरोखर गमावलं त्यांनी ते कसं गमावलं, हे तुमच्या मुलीने मुळातून वाचावं. तीन प्रकरणं सांगतो.

बायरने ॲस्पिरिन हे नाव १८९९ मध्ये घेतलं. जर्मनीत आणि कॅनडात ते आजही बायरचं आहे. अमेरिकेत मात्र १९२१ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ते सामान्य ग्राहकांपुरतं सर्वांसाठी खुलं ठरवलं. निकालाची मांडणी फार बारकाईची आहे. डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्यासाठी हे नाव अजून एका कंपनीचं आहे, पण सामान्य माणसासाठी नाही, असं त्यांनी दोन भाग केले. असं का झालं? कंपनी बरीच वर्षं हे औषध दुसऱ्या गोळ्या बनवणाऱ्यांना देत होती आणि ते आपापल्या नावाने ‘ॲस्पिरिन’ विकत होते. शिवाय त्या औषधाचं दुसरं नाव होतं ॲसिटाइल सॅलिसिलिक ॲसिड. डोकं दुखत असलेल्या माणसाने ते उच्चारायचं कसं? सोपं दुसरं नाव कंपनीने दिलंच नाही, तेव्हा लोकांनी होतं ते घेतलं. आज औषधांच्या बाबतीत ही अडचण मुळातच काढलेली आहे. पॅरासिटामॉलसारखी आंतरराष्ट्रीय सामान्य नावं आपल्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कुणालाच मार्क म्हणून मिळत नाहीत, आणि क्रोसिन हे नाव कंपनीकडे राहतं.

दुसरं थर्मासचं. १९६३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ठरवलं की हा शब्द आता भांड्याच्या प्रकाराचं नाव आहे. सर्वेक्षणात सुमारे ७५ टक्के लोक अशा बाटलीला थर्मासच म्हणत होते, आणि ते कुणाचा मार्क आहे हे जाणणारे सुमारे १२ टक्के. पण न्यायालयाला या आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटलं ते कंपनीचं स्वतःचं जुनं वागणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने ‘थर्मास हा घराघरांतला शब्द झाला’ अशा थाटाच्या जाहिराती केल्या होत्या, आणि जाग आली तोवर फार उशीर झाला होता. तिसरं एस्कलेटरचं. ओटिस कंपनीने आपल्या जाहिरातींत ‘एलिव्हेटर’ आणि ‘एस्कलेटर’ हे शब्द एका रांगेत, दोन्ही मालाची नावं असल्यासारखे वापरले, आपल्या पेटंटांतही तसेच लिहिले. १९५० मध्ये ते नाव गेलं.

आता तुमचं पत्रक उघडा. वर मोठ्या अक्षरांत ‘घरोघरी अमुक, गोठोगोठी अमुक’. हे थर्मासवाल्यांचंच वाक्य आहे. खाली तिसऱ्या ओळीत ‘बाजारातील इतर अमुकपेक्षा आमची अमुक दणकट व कमी आवाजाची’. मी हे वाक्य दोनदा वाचलं. ‘इतर अमुक’ म्हणजे काय? तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचीही अमुक असूच शकत नाही, हा तर तुमचा हक्क आहे, आणि तो तुम्हीच छापील कागदावर सोडून देताय. माझ्यासमोर असं पत्रक विरुद्ध बाजूने आलं तर मी दुसरा पुरावा शोधायला फारसा धावणार नाही. हे वाक्य ताबडतोब बदला. ‘अमुक कडबाकुट्टी यंत्र: इतर कडबाकुट्टी यंत्रांपेक्षा दणकट, आवाज कमी.’ इतकं पुरतं. छापून ठेवलेले गठ्ठे वाटू नका, खर्च गेला तरी चालेल.

बिलाच्या नमुन्यात ‘अमुक २ एचपी, १ नग’ असं आहे. तिथे ‘अमुक कडबाकुट्टी यंत्र, २ एचपी, सिंगल फेज, १ नग’ असं येऊ द्या. संगणकावर बिल निघत असेल तर मालाच्या यादीत एकदा बदल केला की पुढचं आपोआप होतं. नियम असा ठेवा की कारखान्यातून निघणाऱ्या कुठल्याही कागदावर, पाटीवर, व्हॉट्सॲपवरच्या चित्रावर नाव एकटं जाणार नाही, त्याच्यामागे मालाचं नाव असेल. नावाचं अनेकवचन करू नका. नाव नेहमी एकाच अक्षरवळणात छापा. नोंदणी झालेली आहे तर वर्तुळातला आर लावा. तो नोंदणीच्या आधी लावायला मात्र कायद्याची मनाई आहे, म्हणून नव्या नावांना आधी फक्त टीएम (ट्रेडमार्क) ही खूण.

इथे तुमचं नशीब चांगलं आहे, हेही सांगायला हवं. बायरकडे सोपं दुसरं नाव नव्हतं, तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. कडबाकुट्टी हा शब्द तुमचा कारखाना निघण्याआधीपासून गोठ्यात आहे, त्याला कुणालाच शिकवावं लागत नाही. तुम्ही पेटंट घेतलेलं नाही, त्यामुळे कलम ३६ चा दुसरा फाटा तुमच्याकडे येत नाही. आणि आजीचं नाव यंत्राच्या गुणाचं वर्णन करत नाही, हा तिसरा फायदा. वर्णन करणारी नावं घेतलेल्यांचे हाल मी पाहतो. वनस्पती तुपाला ‘रसोई’ नाव नोंदवायला गेलेल्या कंपनीला कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५५ मध्ये नकार दिला, कारण स्वयंपाकाचा शब्द स्वयंपाकाच्या वस्तूला एकट्याने कसा घेता येईल? ‘शुगर फ्री’ नाव घेतलेल्या कॅडिला या औषध कंपनीने अमूलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. न्यायालयाने साखरेऐवजी वापरायच्या गोड पुडीपुरती त्या नावाची ओळख मान्य केली, पण साखर नसलेल्या मालावर ‘साखर नाही’ हे सांगायला अमूलला पूर्ण मनाई केली नाही, अक्षरांचा आकार आणि मांडणी आवरायला लावली. तुम्हाला या वाटेने जावं लागणार नाही.

विक्रेत्यांचं काम जास्त जिकिरीचं आहे. तुमच्या अधिकृत विक्रेत्यांना एक पानाचं मराठी पत्र द्या. नाव फक्त आपल्या यंत्रासाठी, बिलावर पूर्ण वर्णन, आणि गिऱ्हाइकाने नुसतं ‘अमुक’ मागितलं तर ‘त्याच कंपनीची हवी ना?’ असं विचारायचं. हा प्रश्न विचारणं शिष्टाचारापुरतं नाही. शेतकरी नाव घेऊन तुमचं यंत्र मागतो आणि दुकानदार गुपचूप दुसरं देतो, ही फसवणूक आहे, आणि आपल्या कायद्यात तोंडी उच्चारानेही मार्कचं उल्लंघन होऊ शकतं, कलम २९ तसं स्पष्ट म्हणतं. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ‘कॉर्नस्पिट्झ’ नावाच्या पावाबद्दल निकाल दिला, तो याच दुव्याबद्दल आहे. बेकरीवाल्यांना ठाऊक होतं की हे पिठाच्या मिश्रणाच्या कंपनीचं नाव आहे, पण ते गिऱ्हाइकाला सांगत नव्हते. गिऱ्हाइकाला तो पावाचा प्रकार वाटू लागला. विक्रेत्याला समजावण्यात मालक कमी पडला तर नाव जाऊ शकतं, असं न्यायालयाने सांगितलं. तो कायदा आपला नाही, पण कारण आपल्याला तंतोतंत लागू आहे.

सुटे भाग विकणाऱ्यांवर मात्र धावून जाऊ नका. ‘अमुक कडबाकुट्टीला बसणारं पातं’ असं कुणी लिहिलं, ते पातं खरंच बसत असेल आणि ते तुम्ही बनवलंय असा भास होत नसेल, तर कायदा त्याला मुभा देतो. त्याने तुमच्या यंत्राचं आयुष्यच वाढतं.

स्वतःच्या यंत्रावर तुमचं नाव घालणारा शेजारचा वर्कशॉपवाला, याच्याशी मात्र गाठ घ्यायलाच हवी. पहिली भेट किंवा फोन, मग साधं नोंदणीकृत टपालाने पत्र, आणि तरी ऐकलं नाही तर वकिलाची नोटीस. प्रत्येक पायरीचा कागद एका फायलीत. त्या फायलीतच तुमचा बचाव आहे, कारण उद्या प्रश्न येतो तो ‘नाव पसरलं तेव्हा मालक काय करत होता’ असा. याशिवाय ट्रेड मार्क्स जर्नल दर आठवड्याला निघतं, त्यात तुमच्या नावाशी मिळतंजुळतं काही आलं तर प्रसिद्धीपासून चार महिन्यांत विरोध नोंदवावा लागतो. मुलीला हेच काम द्या. कायदा शिकणाऱ्या मुलीला घरच्या मार्कवर लक्ष ठेवण्याइतकं चांगलं प्रात्यक्षिक मिळणार नाही. दुसऱ्याने नोंदवलेलं नाव माहीत असूनही सलग पाच वर्षं खपवून घेतलं, तर नंतर ते रद्द करून घेण्याची वाट अरुंद होते.

शेतकऱ्यांना काही म्हणू नका. त्यांनी ‘अमुक मारून ठेव’ म्हणून क्रियापद केलं तरी चालेल. गूगलच्या बाबतीत अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये हेच सांगितलं. लोक शोधण्याला ‘गूगल करणं’ म्हणतात, पण त्यावरून शोधयंत्राचं नाव सर्वांचं होत नाही. नाव कुठल्या मालासाठी नोंदवलंय आणि त्या मालाबद्दल लोकांना काय कळतं, हे पाहायचं. स्वतःची स्थिती तपासायची तर एक साधी चाचणी करा. ओळख नसलेला माणूस चार दुकानांत पाठवा, त्याला विचारू द्या, ‘दुसऱ्या कंपनीची अमुक आहे का?’ दुकानदार म्हणाला, ‘अमुक एकाच कंपनीची असते, दुसऱ्या कडबाकुट्ट्या या बघा,’ तर तुमचा मार्क ठणठणीत आहे. त्याने हसत चार कंपन्यांच्या ‘अमुक’ दाखवल्या तर कामाला लागा. टेफ्लॉन वाचलं ते अशाच विचाराच्या सर्वेक्षणावर. १९७५ च्या अमेरिकेतल्या खटल्यात ६८ टक्के लोकांनी ते ब्रँडचं नाव असल्याचं ओळखलं होतं. आणि फार उशीर झाला तरी रस्ता कायमचा बंद होत नाही. सिंगर हे शिवणयंत्राचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये पेटंट संपल्यावर सगळ्यांना खुलं केलं, आणि सततच्या वापराने ते पुन्हा कंपनीचं झाल्याचं १९५३ मध्ये तिथल्याच एका अपील न्यायालयाने मानलं. तुम्हाला इतकी दशकं थांबायची वेळ येऊ नये.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की दिवाळीनंतर नवं यंत्र आणताय, कुट्टी करून त्यातच पेंड आणि खुराक मिसळणारं, आणि त्याचं नाव आईवरून ठेवणार आहात. माझी खरी काळजी या यंत्राची आहे. मोठ्या गोठ्यांत अशा यंत्राला टीएमआर (टोटल मिक्स्ड रेशन, म्हणजे सगळा आहार एकत्र मिसळलेला) मिक्सर म्हणतात, पण दोन-चार जनावरं असलेल्या घरात त्याला अजून मराठी नावच नाही. ज्या दिवशी पहिलं यंत्र पहिल्या गोठ्यात उतरेल, त्या दिवशी लोक पाटीवर जे छापलं असेल ते नाव उचलतील, आणि एकच नाव छापलं असेल तर तेच यंत्राच्या जातीचं नाव होईल. म्हणून मालाचं नाव आधी ठरवा. ‘कुट्टी-मिश्रण यंत्र’ चालेल, ‘कुट्टी मिक्सर’ कदाचित अधिक लवकर तोंडी बसेल. हा शब्द मुद्दाम सर्वांसाठी मोकळा सोडा, तुमच्या स्पर्धकांनीही तो वापरावा अशीच इच्छा धरा. आईचं नाव त्याच्या आधी, वेगळ्या वळणात. अर्ज यंत्र बाजारात येण्याआधीच करा, पुन्हा क्लास ७ मध्येच. व्यक्ती, स्टार्टअप आणि उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक क्लासला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे छापणार असाल तर दोन्ही वळणं अर्जात कशी घ्यायची ते भरण्याआधी एकदा दाखवा. आणि पहिल्या शंभर बिलांच्या प्रती बाजूला काढून ठेवा, पूर्ण वर्णनासह.